घट्टे कुठे आहेत, ते पाहा

नंदुरबार जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या माथ्यावरच्या तोरणमाळात हाताला घट्टे पडणं नवलाचं नाही. पण विळ्या-कुऱ्हाडीचे घट्टे तळहातावर असतात. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या सांध्यांवर, तेही बहुधा एकाच हाताच्या, व्रण दिसले तर वेगळी शंका घ्यावी. वारंवार मुद्दाम उलटी काढणाऱ्याच्या हातावर दात घासले गेल्याने ते उठतात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया या खाण्याच्या विकाराचं वर्णन करताना ही खूण नोंदवली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अर्थात, खूण नाही म्हणून आजार नाही, असं नव्हे.

जठरातल्या आम्लाने वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजते. कधी कधी दंतवैद्यालाच आजार आधी कळतो. कानापुढच्या लाळग्रंथी सुजतात. वजन मात्र बहुतेकदा नेहमीइतकंच असतं. कुपोषणाशी झुंजणाऱ्या नंदुरबारात नजर वजनकाट्यावरच राहिली तर अशी मुलगी, किंवा मुलगा, निसटून जाईल, ही मला खरी काळजी वाटते. रक्तातलं पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी रागावू नये. एकांतात विचारावं, डॉक्टरकडे न्यावं. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.