गावाचे क्षेमकुशल
सरपंचाने ग्रामसभेपुढे ठेवावयाचे निवेदन

पाहुणा घरी आला म्हणजे प्रथम त्याचे क्षेमकुशल विचारावे, ही आपल्या खेड्यांतील जुनी रीत आहे. बैलाची किंमत, पावसाचे मान, बाजारभाव या गोष्टी मागाहून निघतात. ग्रामसभेत मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. सरपंच उभे राहतात व वर्षभरात किती गटारे बांधली, किती दिवे लावले, पाण्याच्या टाकीचे काम कोठवर आले हे वाचून दाखवितात. ही माहिती अवश्य हवी. परंतु गावातील कोणत्या घरी कर्ता पुरुष गेला, कोणत्या वृद्धाला कोणी विचारीत नाही, कोणत्या मुलाची शाळा सुटली, यांचा उल्लेख त्या निवेदनात क्वचितच असतो. गावाचा विकास घरांच्या सुस्थितीसाठी असल्यामुळे सरपंचाच्या निवेदनात गावाच्या क्षेमकुशलाचा एक स्वतंत्र भाग असला पाहिजे. तो कसा तयार करावा, याचा विचार येथे केला आहे.

ग्रामसभेचा अधिकार

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये प्रत्येक गावात ग्रामसभा भरविणे बंधनकारक आहे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी ठरलेले असतात. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार उपस्थित असल्यास गणपूर्ती होते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. क्षेमकुशलाच्या कामी या महिला सभेचे महत्त्व फार आहे. घरातील अडचणी स्त्रियांना प्रथम कळतात, आणि चारचौघांत न बोलणारी स्त्रीही तेथे बोलू शकते.

हेरवाडचा ठराव

ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर किती जुन्या गोष्टीला हात घालता येतो, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात घडले. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनास ६ मे २०२२ रोजी १०० वर्षे पूर्ण झाली. त्याच सुमारास हेरवाड ग्रामपंचायतीने सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या कारकीर्दीत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे, तिला मंगल कार्यापासून दूर ठेवणे या गोष्टी गावात होऊ नयेत, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे असे सुचविले.

ठराव झाला म्हणजे प्रथा दुसऱ्या दिवशी नाहीशी होते असे नाही. तथापि त्यायोगे एक मोठी गोष्ट साधते. ज्या घरी मृत्यू झाला तेथील एखाद्याला ही रीत नको असली तरी एकट्याने विरोध करण्याचे धैर्य त्याला होत नाही. संपूर्ण गावाने आधीच निर्णय घेतलेला असेल, तर त्या घराला गावाचा आधार मिळतो. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण अशाच प्रसंगी खरी ठरते.

मृत्यूनंतरचे पहिले तीन महिने

कुंकू व बांगड्या राखणे हा मानाचा प्रश्न झाला. त्यानंतर लगेच पोटाचा प्रश्न उभा राहतो. शेतकरी कुटुंबात कर्ता मनुष्य गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत जी कामे व्हावयास हवीत, ती न झाल्यास पुढे अनेक वर्षे त्या घराची कुचंबणा होते. दुःखात असलेल्या घराला या मुदतींचे भान राहत नाही. म्हणून ते भान ग्रामपंचायतीने ठेवावयाचे आहे.

(१) मृत्यूची नोंद : ही नोंद २१ दिवसांच्या आत करावी. या मुदतीत शुल्क पडत नाही. मृत्यूचा दाखला हाती आल्याखेरीज पुढील बहुतेक कामे अडून राहतात.

(२) वारस नोंद : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल कर्मचाऱ्याकडे द्यावयाची असते. या कर्मचाऱ्यास पूर्वी तलाठी म्हणत. आता ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम आहे. वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये नोंदली जातात. त्यानंतर फेरफार होऊन तो मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबारा उताऱ्यावर नावे चढतात.

येथे विशेष दक्षता घेतली पाहिजे. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ अन्वये मृत पुरुषाची विधवा, मुलगे, मुली व आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत. तरीही ‘मुलांची नावे लागली म्हणजे झाले’ किंवा ‘दीर पाहून घेतील’ असे म्हणून विधवेचे नाव गाळण्याचे प्रकार घडतात. सातबाऱ्यावर नाव नसेल तर तिला पीक कर्ज मागता येत नाही. पीक विमा व शासकीय अनुदान यांतही तिच्या वाट्याला अडचणीच येतात. शेतात राबणारी तीच, परंतु कागदावर ती शेतकरी ठरत नाही. वारसांची यादी तयार होताना विधवेचे नाव तीत आहे किंवा नाही, हे पाहणे एवढे एकच काम ग्रामपंचायतीने केले, तरी त्या घराची निम्मी चिंता दूर होते.

(३) अपघात असल्यास : सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, विहिरीत बुडणे, रस्त्यावरील अपघात, औषध फवारताना झालेली विषबाधा, वन्य पशूचा हल्ला अशा कारणांनी शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. २०२३ सालापासून विमा कंपनीऐवजी शासनच हे अनुदान देऊ लागले. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती यांना, वय १० ते ७५ वर्षे असल्यास, ही योजना लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. त्यासोबत गाव नमुना ६-क मधील वारस नोंद लागते. म्हणून वारस नोंदीसाठी तीन महिने थांबून चालत नाही. अपघाताची खबर पोलिसांना तत्काळ देऊन पंचनामा करवून घेणेही तितकेच अगत्याचे आहे. घाईने अंत्यविधी उरकल्यामुळे पुरावाच न राहिल्याने हक्काच्या मदतीस मुकावे लागते.

(४) कुटुंब लाभ : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये देण्याची तरतूद आहे. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा.

नित्याचा आधार

निराधार विधवा, परित्यक्ता, अपंग व दुर्धर आजाराने ग्रस्त अशा ६५ वर्षांखालील व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तर ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. या दोन्ही योजनांचे अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. ज्या मुलांचे आईवडील दोघे किंवा दोघांपैकी एक हयात नाहीत, त्यांपैकी पात्र मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळण्याची सोय आहे.

योजना आहेत, परंतु त्या गरजूपर्यंत पोचत नाहीत, असे गाऱ्हाणे नेहमी ऐकू येते. त्याची कारणे शोधू गेल्यास ती साधी असतात. कोणाचे आधार कार्डावरील नाव व बँक खात्यावरील नाव जुळत नाही. कोणी हयातीचा दाखला वेळेवर दिलेला नसतो. कोणाचा उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला असतो. तालुक्याला एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय. असे तीन हेलपाटे झाले की गरीब मनुष्य अर्जाचा नाद सोडतो. म्हणून निवेदनात ‘अमुक जणांना लाभ मिळाला’ एवढेच सांगून थांबू नये. किती अर्ज अडले व कोणत्या कारणाने अडले, हेही सांगावे.

मनाचे आरोग्य

नापिकी, कर्जाचा तगादा, घरातील आजारपण, मुलीच्या लग्नाची चिंता अशा गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धीराचा मनुष्यही खचतो. तो पारावर यावयाचा बंद होतो, कोणाशी बोलत नाही, त्याची झोप व अन्न तुटते, तो शेताकडे फिरकत नाही. क्वचित कोणी ‘आता सुटलो तर बरे’ असे बोलूनही दाखवितो. असे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याच्याशी एकांतात बोलावे, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे व त्यास एकटे सोडू नये. ‘मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो काय?’ असे सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मनावरील भार हलका होतो. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी. आशा कार्यकर्तीमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य सल्ला मिळतो व मराठीत बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायत, सोसायटी, दूध संकलन केंद्र व कृषी सेवा केंद्र येथे ठळक अक्षरांत लिहून लावावा.

पैशाची तरतूद

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नापैकी १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न ४ लाख रुपये आहे. तर या तीन बाबींसाठी अनुक्रमे ६०,०००, ४०,००० व २०,००० रुपये, म्हणजे एकूण १ लाख २० हजार रुपये होतात. ही रक्कम वर्षअखेर घाईने कशावर तरी खर्च न करता वर्षारंभीच गरज पाहून तिची योजना आखावी व जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा.

निवेदन कसे तयार करावे

सभेपूर्वी एक महिना सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक व बचत गटाच्या प्रतिनिधी यांनी एकत्र बसावे. वॉर्डवार घरे वाटून घ्यावी. वाडी-वस्तीवरील व गावकुसाबाहेरील घरांपासून प्रारंभ करावा, कारण तीच शेवटी राहून जातात. प्रत्येक अडचणीपुढे चार गोष्टी लिहाव्या : काय हवे, अर्ज केव्हा केला, कोठे अडला, आणि पाठपुरावा कोण, केव्हापर्यंत करणार.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. ही वही चावडीवर उघडी पडता कामा नये. कोणाच्या घरातील आजार, कर्ज किंवा कलह यांची नावानिशी वाच्यता ग्रामसभेत करू नये. तेथे केवळ संख्या सांगावी. ‘वारस नोंदीची सात प्रकरणे होती, पाच पूर्ण झाली, दोन महसूल कार्यालयात आहेत, ती अमुक सदस्य पुढील महिन्यात पाहतील’ इतके सांगणे पुरे. मदत घेताना मान जाणार असेल तर गरजू मनुष्य मदत नाकारील, पण पुढे येणार नाही.

पुढील सभेत मागील निवेदनातील आकडे प्रथम वाचावे. जी कामे झाली नाहीत ती झाली नाहीत असे सरपंचाने स्वतः सांगावे. त्यामुळे सरपंचाचा मान कमी होत नाही. लोकांचा विश्वास वाढतो. हळूहळू ग्रामस्थ आपण होऊन शेजाऱ्याची अडचण कळवू लागतात.

रस्ता झाला की तो सर्वांना दिसतो. एखाद्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढले, एखाद्या वृद्धाचे थकलेले अनुदान सुरू झाले, एखादा खचलेला शेतकरी पुन्हा पारावर येऊन बसू लागला, तर त्याचे उद्घाटन होत नाही. परंतु ज्या गावात अशी कामे होतात त्या गावाची घडी मोडत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘गावाचे क्षेमकुशल’ हा विषय आरंभीच घ्यावा आणि कामास आजपासून लागावे.