विषाणूंमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो का?

फुफ्फुसाचा कर्करोग म्हटला की आपल्याला विडी-सिगारेट आठवते, आणि ते बरोबरच आहे. तंबाखूचा धूर हेच या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. पण आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्यांनाही हा रोग होतो, आणि त्यांत स्त्रिया बऱ्याच असतात. म्हणून शास्त्रज्ञ हवेचे प्रदूषण, घरातला धूर यांच्याबरोबर विषाणूंचाही अभ्यास करीत आहेत.

विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. एचपीव्हीमुळे गर्भाशयाच्या मुखाचा, तर हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळे यकृताचा कर्करोग होतो. मेंढ्यांमध्ये तर फुफ्फुसात गाठी निर्माण करणारा विषाणू आहे. क्लोनिंगने जन्मलेल्या प्रसिद्ध डॉली मेंढीला २००३ साली याच रोगामुळे दयामरण द्यावे लागले. माणसात मात्र फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मुख्य कारण म्हणून एकही विषाणू अजून सिद्ध झालेला नाही.

विषाणू हातभार कसा लावतात?

पहिली वाट पेशीच्या आतली. पेशींची बेसुमार वाढ रोखणारी प्रथिने आपल्या शरीरात असतात. एचपीव्हीसारखे विषाणू ती निकामी करतात. फुफ्फुसाच्या काही गाठींत एचपीव्ही सापडला आहे. पण सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. एपस्टाइन-बार या विषाणूचा फुफ्फुसाच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळतो. त्याचे रुग्ण मुख्यतः दक्षिण चीन, तैवान या भागांत आहेत.

दुसरी वाट सततच्या दाहाची. फुफ्फुसाला वारंवार इजा झाली की नव्या पेशी पुन्हा पुन्हा तयार होतात आणि त्यात चुका होण्याची शक्यता वाढते.

तिसरी वाट दुबळ्या प्रतिकारशक्तीची. एचआयव्हीबाधित व्यक्तींमध्ये, धूम्रपानाचा परिणाम वजा केला तरी, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त दिसते.

आपण काय करावे?

सर्दी, फ्लू किंवा कोविड होऊन गेला म्हणून कर्करोग होईल, असे मानू नका. तंबाखू सोडा. स्वयंपाकघरातला धूर बाहेर जाईल अशी सोय करा. एचआयव्ही असल्यास एआरटी औषधे एक दिवसही चुकवू नका. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे करून घ्या. क्षयरोग आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांची लक्षणे सारखी असतात : खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णाला क्षयरोगाची औषधे सुरू राहतात आणि मोलाचे महिने वाया जातात. थुंकीत क्षयाचे जंतू नसतील, किंवा औषधे घेऊनही बरे वाटत नसेल, तर "सीटी स्कॅन करायला हवा का?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

आणखी एक. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, फुफ्फुसाचा कर्करोग जात नाही. रुग्णाचे ताट, पेला, अंथरूण वेगळे काढू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्यासोबत जेवा. उपचारांइतकीच त्याला आपल्या माणसांची गरज असते.