परसातील गोड मका : लागवड आणि साठवण

मक्याचे कणीस झाडावरून तोडले त्या क्षणापासून त्याची गोडी कमी होऊ लागते. ही एक गोष्ट ध्यानात धरली म्हणजे गोड मका परसात का लावावा, तो केव्हा तोडावा आणि उरलेला कसा टिकवावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होत असते, आणि उष्णता जितकी अधिक तितके ते जलद होते. जुन्या जातीच्या गोड मक्याची सुमारे निम्मी साखर तीस अंशांच्या उष्म्यात एका दिवसात नाहीशी होते. १९५३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी मक्याच्या एका निराळ्या गुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून पुढे अतिगोड जाती तयार झाल्या. त्यांची साखर अधिक काळ टिकते, हे खरे. तथापि बाजारातील कणीस केव्हा तोडलेले आहे हे आपणास कळत नाही, आणि परसातले मात्र कळते. फरक आहे तो एवढाच. परंतु खाणाऱ्याच्या जिभेला तो फार मोठा वाटतो.

इंदुरात राहणाऱ्या आपल्या मंडळींना भुट्टा नवा नाही. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेला भुट्टा आणि सराफ्यातील भुट्ट्याचा कीस हे आपल्या मराठी घरांतही इतके रुळले आहेत की, मका मूळचा मेक्सिकोकडचा आणि पोर्तुगीजांच्या काळात आपल्या देशात आला, हे सांगूनही कोणास खरे वाटू नये. पण आपला देशी भुट्टा आणि गोड मका यांत भेद आहे. देशी मका पक्व झाला की त्याचे पीठ होते. गोड मका पक्व झाला की सुरकुततो, आणि त्याची खरी किंमत दाणा दुधात असतानाच असते.

लागवडीत सर्वांत अधिक चूक होते ती मांडणीत. पुष्कळ लोक कुंपणाच्या कडेने एकच लांब ओळ लावतात आणि पुढे कणसे अर्धवट भरली म्हणून बियाण्याला दोष देतात. मक्याच्या शेंड्यावर तुरा येतो तो नर फुलोरा. खाली कणसाच्या टोकाशी रेशमासारखे केस येतात, तो मादी फुलोरा. यातील प्रत्येक केस आत एकेका दाण्याशी जोडलेला असतो. त्या केसावर तुऱ्यातील पराग पडला तरच तो दाणा भरतो. वर्गात मुलांना मी एक कोवळे कणीस सोलून केस दाण्यापर्यंत हाताने माग काढावयास सांगतो. पुस्तकातील चार पाने वाचून जे समजत नाही ते त्यांना तेथे उमगते. पराग वाऱ्याने वाहतो. एका ओळीतला पराग वारा भलतीकडे घेऊन जातो. म्हणून ओळ न लावता चौकोन लावावा. आठ फूट रुंद व पाच फूट लांब वाफ्यात दोन-दोन फुटांवर चार ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा इंचांवर सहा झाडे, अशी चोवीस झाडे बसतात. ज्यांचे वाडे जाऊन फ्लॅट आले त्यांनी गच्चीवर मोठ्या सहा-सात कुंड्यांत तीन-तीन झाडे लावून कुंड्या एकमेकींस भिडवून ठेवाव्यात. तुरा उमलल्यावर सकाळी झाड हलक्या हाताने हलवले तरी पुष्कळ काम होते.

याच परागापायी आणखी एक सावधगिरी. शेजारी कोणी देशी मका लावला असेल आणि दोन्ही एकाच वेळी फुलले, तर त्याचा पराग पडून आपले दाणे त्याच हंगामात पिठूळ होतात. पुढच्या वर्षीच्या बियाण्यात नव्हे, ह्याच कणसात! यास्तव पेरणीत निदान पंधरा-वीस दिवसांचे अंतर ठेवावे. शेजाऱ्याशी आधी बोलून घेणे बरे.

माळव्याची काळी माती सुपीक खरी, पण पावसात ती पाणी धरून ठेवते, आणि मक्याच्या कोवळ्या मुळांना साचलेले पाणी दोन दिवसही मानवत नाही. तेव्हा गादीवाफे करावेत किंवा वरंब्यावर बी टोकावे. बी एक इंचाहून खोल जाऊ देऊ नये. अतिगोड जातींचे बी सुरकुतलेले व अशक्त असल्यामुळे थंड, चिकट मातीत कुजते. खताचा विषय निघाला असता आपल्या गावाचा उल्लेख केल्याविना राहवत नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कंपोस्ट करण्याची जी रीत सांगितली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली, आणि तिचे प्रयोग येथील संस्थेतच झाले होते. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर देऊन, ढीग ओला ठेवून ठरावीक वेळी वरखाली केला म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. मका खादाड पीक आहे. असे खत वाफ्यात दोन बोटे पसरून मिसळावे, आणि झाडे गुडघ्याएवढी झाली की चिमूटभर युरिया बुंध्यापासून चार बोटे दूर देऊन मातीची भर लावावी. कणसे काढल्यावर ताटे तोडून पुन्हा त्याच ढिगात घालावीत.

किडींपैकी एकीकडे विशेष लक्ष हवे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात प्रथम कर्नाटकात आढळली आणि थोड्याच काळात सर्वत्र पसरली. पानांवर लांबट भोके व पोंग्यात भुसा दिसला की ती आत आहे असे समजावे. तिच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण असते. चोवीस झाडांसाठी विषारी औषध आणण्याची गरज नाही. रोज सकाळी पाने उलटून अंड्यांचे केसाळ पुंजके चिरडावेत, अळ्या वेचाव्यात आणि पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू टाकावी.

पेरणी एकदम करू नये. चोवीस झाडांची कणसे चार-पाच दिवसांत एकदम तयार होतात. पाच माणसांचे कुटुंब ती सारी ताजी खाणार नाही. पहिला वाफा जूनअखेर चांगला पाऊस झाल्यावर, दुसरा पंधरा दिवसांनी आणि तिसरा जुलैअखेर पेरावा. या तिसऱ्या वाफ्याची कणसे ऑक्टोबरात येतात, जेव्हा पाऊस गेलेला असतो आणि ऊन कडक असते. वाळवण्यासाठी हाच वाफा. हिवाळी पीकही येते, परंतु डिसेंबर-जानेवारीत पाला पडला तर मका टिकत नाही.

केस बाहेर आल्यापासून साधारण अठरा ते बावीस दिवसांनी कणीस तयार होते. केस तपकिरी होऊन वाळलेले असावेत, पण वरची पाने हिरवीच असावीत. टोक थोडे उघडून दाण्याला नख लावावे. पाणी निघाले तर लवकर आहे, दुधासारखा रस आला तर बरोबर, आणि लगदा निघाला तर उशीर झाला. तोडणी पहाटे करावी, कारण रात्रीच्या गारव्याने कणीस थंड असते. आमच्या घरी चुलीवर पाणी चढवल्यावरच मुलांना कणसे तोडावयास पाठवतात. यात थोडा विनोद आहे, परंतु शास्त्रही आहे.

आता उरलेल्या कणसांचे. तोडल्यानंतर साखर घटवणारी जी क्रिया दाण्यात चालू असते ती थंडीने मंदावते, पण गोठवल्यावरही पुरती थांबत नाही. म्हणून गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढणे अवश्य आहे. सोललेली कणसे भरपूर उकळत्या पाण्यात चार मिनिटे बुडवावीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. गार झाल्यावर धारदार सुरीने दाणे दोन तृतीयांश खोलीपर्यंत कापावेत. अधिक खोल कापल्यास दांड्याचा चोथा येतो. दाणे कोरडे करून ताटात पसरून गोठवावेत व मग पिशव्यांत भरावेत, म्हणजे गोळा होत नाही. अखंड कणीस गोठवायचे असल्यास मध्यम आकारास नऊ मिनिटे लागतात. उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये असा मका आठ-दहा महिने चांगला राहतो. घरच्या फ्रिजमधील लहान कप्पा इतका थंड नसतो. त्यातला दोन-तीन महिन्यांत संपवावा. वीज गेली तर कप्पा उघडू नये. दाण्यांत बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवण्यास हरकत नाही. वितळून कोमट झाले असतील तर ते टाकून द्यावेत.

वाळवण्याची रीत स्वस्त आहे, आणि माझ्या मते आपल्या हवेला अधिक योग्य. कणसे पाच मिनिटे उकळून दाणे काढावेत व मलमलीखाली कडक उन्हात पातळ पसरावेत. संध्याकाळी घरात घ्यावेत. दोन-तीन दिवसांत दाणा कडक होऊन मुठीत खुळखुळतो. मग बरणीत सैल भरून आठ दिवस रोज हलवावे. काचेला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा उन्हात घालावे. शेवटी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास किडीची अंडी मरतात. वापरताना उकळत्या पाण्यात तासभर भिजवून शिजवावे. आमच्याकडे हे दाणे उन्हाळ्यात, मटार नसतो तेव्हा, खिम्यात पडतात. उसळ किंवा आमटीतही ते शोभतात.

बरणीत पाण्यात किंवा तेलात मका भरून ठेवणे मात्र कदापि करू नये. हे मी जोर देऊन लिहीत आहे, कारण कैरीचे लोणचे टिकते तसा मकाही टिकेल असा पुष्कळ भगिनींचा समज असतो. कैरी आंबट असते. मक्यात आंबटपणा जवळजवळ नाही. मातीतून आलेल्या एका जंतूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना सुमारे एकशे सोळा अंश उष्णता दाबाखाली बराच वेळ द्यावी लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी शंभर अंशांच्या थोडे आधीच उकळते. हवा कोंडलेल्या बरणीत, अथवा तेलाखाली, हे बीजाणू वाढून बॉट्युलिझमचे विष तयार करतात. त्याला वास किंवा चव असेलच असे नाही, म्हणून चाखून पाहणे हीच मोठी जोखीम. एकाची दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे; पुढे श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. घरच्या प्रेशर कुकरवर भरवसा ठेवू नये. तो तापतो व निवतो लवकर, आणि बरण्यांसाठी त्यातले वेळेचे प्रमाण कोणी तपासून ठरवलेले नाही. अंदाजाने चार लिंबे पिळण्यानेही हा धोका टळत नाही.

ज्यांना दाणे गोठवण्याचा खटाटोप नको त्यांनी कीस करून गोठवावा. कणसे किसून तुपात मोहरी, हिंग व हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परतावीत, थोडे दूध घालून आटवावे आणि गार झाल्यावर लहान डब्यांत भरावे. गोड मका रसाळ असल्याने देशी भुट्ट्याहून दूध कमी लागते, आणि खोबरे-कोथिंबीर वाढतानाच घालावी. पुढील वर्षासाठी बी ठेवायचे असल्यास संकरित जातीचे ठेवू नये, पुढील पिढीत गुण विखुरतात. हैदराबादच्या माधुरी अथवा प्रिया यांसारख्या संमिश्र जातीचे, जवळपास दुसरा मका नसेल तर, एक-दोन उत्तम कणसे झाडावरच पूर्ण वाळू देऊन ठेवता येते.