उधळलेला घोडा आणि ओकाने

मंडळी, पोळ्याच्या गर्दीत बैल बिथरला की काय होतं, हे कळंबकरांना आम्ही काय सांगावं! लोक बाजूला पळतात, एखादा धीट गडी कासरा धरायला धावतो. आता हे जपानी छापचित्र पाहा. घोडा उधळलाय, आणि उंच लाकडी खडावा घातलेली एक बाई त्याचा लोंबता दोर पायाखाली दाबून उभी आहे.

ही ओकाने. बिवा सरोवराकाठची गणिका. तिची गोष्ट तेराव्या शतकातल्या एका कथासंग्रहात येते. चित्र उतागावा कुनियोशीचं, १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. घोड्याच्या अंगावर युरोपी चित्रांसारखी छाया आहे, बाई मात्र अस्सल जपानी सपाट रंगांत. अशा चित्रात प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठसा कोरत. (आपल्याकडे रविवर्मांच्या छापखान्यात हेच काम दगडावर होई.)

१८४२ मध्ये सरकारने नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी घातली. मग प्रकाशक सुशील, पतिनिष्ठ स्त्रियांच्या चित्रांकडे वळले. कुनियोशीनेही त्या सुमारास तशी मालिका केली. त्यातही धाडसी बायका आहेत, पण बहुतेकींचं धाडस नवऱ्यासाठी, नाहीतर आईबापासाठी. झाशीच्या राणीचं चित्रही आपल्याला पाठीवरच्या बाळासकटच आठवतं ना?

ओकानेच्या पाठीवर कुणी नाही. घोडा तिच्या वाटेत आला, तिने दोरावर पाय दिला, एवढंच.