एका संगणकात दोन बिऱ्हाडे

आमच्या घरी थोरल्या मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला एक वापरलेला संगणक आहे. त्यात विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचे नेहमीचे पाठबळ थांबविले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व नवा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात ते नाही. दुकानदार म्हणाला, "काका, भंगारात द्या, नवीन घ्या." कारकुनाच्या पगारात हे सोपे नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, लिनक्स टाकून बघू या ना."

लिनक्स म्हणजे काय, हे आम्हासही नव्याने समजले. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला व सर्वांसाठी खुला केला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. उबुंटू, लिनक्स मिंट ही तिचीच रूपे असून ती फुकट मिळतात. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचे रूप तयार केले आहे. परंतु मुलीच्या क्लासमध्ये टॅली विंडोजवर शिकवितात. म्हणून विंडोजही ठेवायचे व लिनक्सही, असे ठरले.

येथे आमची चूक झाली. मुलगी क्लासला गेली असता आम्ही एकट्यानेच काम सुरू केले. पडद्यावर प्रश्न आला, तो नीट न वाचता 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय दाबला. विंडोज गेले, टॅलीचा सराव गेला आणि आमच्या दिवंगत आईचे फोटोही गेले. कार्यालयात प्रत्येक कागदाची स्थळप्रत ठेवणारे आम्ही, घरात मात्र एकही प्रत ठेवली नव्हती. मुलगी दोन दिवस बोलली नाही. धाकट्या भावाच्या मोबाईलमध्ये आईचे काही फोटो सापडले, तेवढेच हाती राहिले.

वाचक बंधू-भगिनींनी ही चूक करू नये, म्हणून आम्ही नंतर केलेला क्रम देतो. प्रथम सर्व फोटो व कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवावीत आणि ती डिस्क काढून ठेवावी. विंडोज आधी असावे, लिनक्स नंतर. विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' मधून डिस्कची सुमारे ५० जीबी जागा मोकळी करावी व 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन, काहीही न बसविता, आधी चालवून पाहावे. पडदा, आवाज, वायफाय ठीक असेल तरच पुढे जावे. बसविताना 'विंडोजच्या शेजारी' हाच पर्याय निवडावा.

यानंतर संगणक सुरू करताच 'ग्रब' नावाची यादी येते. हवी ती प्रणाली निवडावी. हे एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहण्यासारखे आहे. चूल एकच, म्हणून एका वेळी एकानेच स्वयंपाक करायचा. दोन्ही एकदम चालविण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्ससारखी सोय आहे, पण तिला मेमरी जास्त लागते. ४ जीबीच्या यंत्राला ते झेपत नाही. विंडोजमधील घड्याळ कधी साडेपाच तास मागे दिसते, त्याने घाबरू नये. दोन्ही प्रणाली यंत्रातील वेळ वेगवेगळ्या पद्धतीने धरतात, एवढेच.

आता इंटरनेट, पत्रे आणि अभ्यास लिनक्सवर होतो. जुने विंडोज इंटरनेटला न जोडता केवळ टॅलीसाठी वापरतो, कारण त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. नवीन यंत्राचे पैसे वाचले, ते मुलीच्या फीला उपयोगी पडले.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत असे तीन संगणक धूळ खात पडले आहेत. येत्या रविवारी मुलगी ते हाती घेणार आहे. आम्ही शेजारी बसून फक्त विचारणार, "प्रत काढली का?"