ज्याच्यावर घाव पडला, त्याचे काय?

एखादा गुन्हा घडला की साऱ्यांचे लक्ष गुन्हेगाराकडे लागते. तो सापडला का, त्याला जामीन मिळाला का, शिक्षा किती झाली, याची चर्चा घरोघरी रंगते. परंतु ज्याच्यावर घाव पडला, त्याचे पुढे काय झाले, हे विचारणारे थोडेच. वाचकहो, न्यायालयातही पुष्कळ काळ असेच होते. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चाले. आणि ज्याचे घर उद्ध्वस्त झाले तो समन्स येईल तेव्हा साक्ष देऊन निमूटपणे परत जाई.

हे चित्र आता कायद्याने पालटले आहे. फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेत झालेली एक महत्त्वाची दुरुस्ती ३१ डिसेंबर २००९ रोजी अमलात आली आणि पीडितास भरपाईचा व अपिलाचा हक्क मिळाला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तीत हे हक्क कायम असून त्यांत काही भरही पडली आहे. पीडित या शब्दात त्याचे पालक व कायदेशीर वारसही येतात, हे ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी फिर्यादीची. गुन्हा आपल्या हद्दीत घडला नाही, असे सांगून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद परतवून लावता येत नाही. ती कोणत्याही ठाण्यात नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. नोकरीधंद्यानिमित्त परप्रांती राहणाऱ्या अथवा लांबचा प्रवास करणाऱ्या कुटुंबांना ही सोय मोलाची आहे. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती अवश्य मागून घ्यावी. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. तपास कोठवर आला, हे पीडितास अथवा फिर्याद देणाऱ्यास ९० दिवसांच्या आत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

आता सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट पाहू. समजा, रात्री कामावरून परतणाऱ्या कर्त्या पुरुषावर अज्ञात इसमांनी हल्ला केला आणि त्यात तो दगावला. मारेकऱ्यांचा माग लागत नाही. मुलांची शाळा, घराचे भाडे, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, सारेच अडते. ‘गुन्हेगारच सापडला नाही, तर आम्हांला कोण काय देणार?’ असे म्हणून कुटुंब गप्प बसते. कायदा मात्र तसे म्हणत नाही. संहितेच्या कलम ३९६ अन्वये प्रत्येक राज्याने पीडितांसाठी भरपाईची योजना आखावयाची असते. गुन्हेगाराचा पत्ता लागला नाही व खटला उभा राहिला नाही, तरीही पीडितास किंवा त्याच्या आश्रितांस राज्य अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करावयाची असते. रक्कम आणि अर्जाची मुदत राज्याराज्यांत निराळी असल्याने विलंब न करता चौकशी करावी. ही भरपाई म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. नागरिकाच्या रक्षणाची जबाबदारी शासनाने स्वीकारली आहे, तिचाच तो एक भाग आहे.

जखमीच्या उपचारांबाबतही कायदा स्पष्ट आहे. बलात्कार व ॲसिडहल्ला यांतील पीडितांवर, तसेच लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकांवर, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ आणि विनामूल्य उपचार केले पाहिजेत. ॲसिडहल्ल्यातील पीडितास किमान ३ लाख रुपये भरपाई मिळावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

न्यायालयातही पीडित आता केवळ साक्षीदार उरलेला नाही. सरकारने खटला मागे घ्यावयाचे ठरविले, तर पीडितास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून न्यायालय तशी अनुमती देऊ शकत नाही. आरोपी निर्दोष सुटला, सौम्य गुन्ह्यासाठी दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर पीडितास स्वतः अपील करता येते. वकिलाच्या खर्चाची धास्ती वाटत असेल, तर स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. इतरांना तो उत्पन्नाच्या मर्यादेत मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक घरातील लहानथोरांना पाठ असावेत.

तथापि, हक्क कागदावर असून भागत नाही. ते मागावे लागतात. आणि दुःखाने खचलेल्या माणसाला मागण्याचे बळ नसते. तेथेच शेजाऱ्यांचे, आप्तेष्टांचे काम सुरू होते. ‘त्या वेळी बाहेर कशाला गेलात?’ असा प्रश्न पीडिताला विचारू नये. अत्याचारित स्त्रीचे नाव चारचौघांत घेऊ नये; तिची ओळख प्रसिद्ध करणे हा तर कायद्यानेच गुन्हा आहे. त्याऐवजी तिच्याबरोबर ठाण्यात जावे, कागदपत्रे नीट जपून ठेवण्यास मदत करावी, प्राधिकरणाचा अर्ज भरून द्यावा. ज्याच्यावर घाव पडला त्याला शिक्षेच्या बातमीइतकीच गरज असते ती पुन्हा उभे राहण्यासाठी आधाराची. आणि तो आधार कोठे मिळतो, हे आता आपणांस ठाऊक आहे.