ड्युटी सांभाळून एम.एस्सी. नर्सिंगची तयारी : आधी कागद, मग पुस्तक

(तालुका प्रतिनिधी)

ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, खासगी दवाखान्यात किंवा उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणारे अनेक सिस्टर आणि ब्रदर बी.एस्सी. नर्सिंग झालेले आहेत. पुढं एम.एस्सी. करावं असं मनात असतं. पण तीन पाळ्या, घर, लेकरं आणि एसटीचा प्रवास यातून पुस्तक कधी उघडायचं, हा खरा प्रश्न. अभ्यास चांगला होऊनही एखाद्या कागदापायी वर्ष हुकू शकतं. म्हणून सुरुवात कागदापासून करू.

कोणाला बसता येतं?

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे एम.एस्सी. नर्सिंगसाठी या गोष्टी लागतात :

- बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, किमान 55 टक्के गुण. अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के सवलत.
- नर्स आणि मिडवाईफ म्हणून परिषदेकडं नोंदणी.
- किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव. बी.एस्सी. असेल तर तो पदवीनंतरचा हवा. पोस्ट बेसिक असेल तर त्याच्या आधीचा किंवा नंतरचा चालतो.

जीएनएम झालेल्यांना थेट एम.एस्सी. करता येत नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करावं लागतं.

नोंदणीची मुदत संपलेली असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं नूतनीकरण आत्ताच करून घ्या. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, रुजू झाल्याच्या तारखेसह, सही-शिक्क्यानिशी घ्या. खासगी दवाखान्यात असाल तर नेमणूक पत्र आणि पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदीही जपा. नोकरी सोडल्यावर दाखल्यासाठी हेलपाटे घालण्यापेक्षा नोकरीत असतानाच मागितलेला बरा.

रजेचं काय?

कोर्स दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ आहे. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे अध्ययन रजा मागता येते. त्यासाठी साधारण पाच वर्षं सेवा झालेली हवी. एका वेळी सर्वसाधारणपणे 12 महिने आणि साऱ्या सेवेत मिळून 24 महिने, अशी मर्यादा आहे. बंधपत्रही लिहून द्यावं लागतं. रजा मंजूर करणं वरिष्ठांच्या हातात असतं, म्हणून फॉर्म भरण्याआधीच आस्थापना शाखेत लेखी विचारणा करा. दुसऱ्या वर्षाची रजा कशी धरणार, हेही विचारा.

कंत्राटी असाल तर करारपत्र नीट वाचा. राजीनामा द्यावा लागणार असेल तर दोन वर्षांचा घरखर्च, फी आणि होस्टेल यांचा हिशेब घरच्यांसोबत बसून आधीच मांडा.

अर्धा अभ्यास हातात असतोच

काम करणाऱ्या नर्सचा फायदा असा की जे पुस्तकात आहे ते ती रोज करते. अडतं ते कारणापाशी. हाताला सवय असते, पण पेपर विचारतो 'का' आणि 'किती'.

काही उदाहरणं बघा. 1000 मिली सलाईन 8 तासांत द्यायचं आहे, सेटचे 20 थेंब म्हणजे 1 मिली. मग 1000 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. वॉर्डात आपण अंदाजानं चाक फिरवतो, पेपरात आकडा लागतो. शेवटची पाळी 10 मार्चला आली असेल तर नऊ महिने आणि सात दिवस मिळवून अंदाजे तारीख 17 डिसेंबर. मॅग्नेशियम सल्फेट देताना श्वास, गुडघ्याचा झटका आणि लघवी बघतो. ते कशासाठी, आणि उतारा कॅल्शियम ग्लुकोनेटच का, हे सांगता यायला हवं.

म्हणून ड्युटीवर खिशात एक छोटी वही ठेवा. रोज एक पेशंट, एक औषध आणि एक प्रश्न लिहा. पेशंटचं नाव लिहू नका. घरी आल्यावर तेवढंच पुस्तकात शोधा. असं वाचलेलं डोक्यात राहतं.

वेळ पाळीप्रमाणे बांधा

रोज पहाटे चारला उठायचा नियम फिरत्या पाळीत टिकत नाही. ड्युटी लिस्ट लागली की त्यावरच अभ्यास लिहा :

- सकाळ पाळी : संध्याकाळी एक तास, नवीन धडा.
- दुपार पाळी : निघण्याआधी सकाळी एक ते दीड तास. हा सगळ्यात चांगला वेळ.
- नाईट : आधी झोप. उठल्यावर अर्धा तास फक्त उजळणी.
- सुट्टी : घड्याळ लावून प्रश्नपत्रिका.

आठवड्याला पाच तास धरले तरी 26 आठवड्यांत 130 तास होतात. त्यातले 35 मेडिकल-सर्जिकलला, 20 प्रसूतीला, 20 कम्युनिटीला, 15 बालआरोग्याला, 10 मानसिक आरोग्याला द्या. संशोधन, संख्याशास्त्र, व्यवस्थापन आणि फंडामेंटल्सला मिळून 15, आणि उरलेले 15 सराव पेपरला. संशोधन आणि संख्याशास्त्र वॉर्डात दिसत नाहीत, म्हणून ते मागं पडतात. ते पहिल्या दोन महिन्यांतच उरका.

पेपरची पद्धत ओळखा

नवी दिल्लीच्या एम्सच्या परीक्षेत 90 मिनिटांत 90 पर्यायी प्रश्न असतात. चुकलेल्या उत्तराला एकतृतीयांश गुण जातो, म्हणजे तीन चुका एक बरोबर उत्तर खातात. तिथं पात्रतेलाही 60 टक्के लागतात. इतर परीक्षांचे नियम वेगळे असतात. त्या त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

'घरबसल्या एम.एस्सी.'पासून सावध

'नोकरी करत करत, हजेरी न लावता एम.एस्सी. करून देतो' असं सांगणारे भेटतात. नियमित हजेरी आणि क्लिनिकल काम असल्याशिवाय ही पदवी मान्य होत नाही. पैसे देण्याआधी कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. आपल्या राज्यात नर्सिंगची कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली असतात, अभिमत विद्यापीठांची गोष्ट वेगळी.

घरच्यांनाही एक सांगणं. ताई ड्युटीवरून आल्यावर एक तास तिला कोणी हाक मारू नका. चहा त्या वेळी दुसऱ्यानं केला तरी चालतो.